चॉकलेटच्या कारखान्याचे उघडे दार

गोड पदार्थांचा व्यवसाय विश्वासावर चालतो. हा विश्वास जाहिरातीतून मिळतो, तसा कारखान्याचे दार पाहुण्यांसाठी उघडे ठेवूनही मिळतो. पाचगणीजवळच्या 'मॅप्रो'ने हा मार्ग निवडला. चॉकलेट तयार होते कसे, कारखानदार पाहुण्यांना आत का बोलावतात, आणि मोहफुलांच्या गोंदिया जिल्ह्याला यातून काय घेण्यासारखे आहे, याचा हा वेध.

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस राज्याच्या पूर्व टोकाला निघते आणि विदर्भ, खानदेश, पुणे असा प्रवास करीत साताऱ्याला पोहोचते. साताऱ्याहून वाई, आणि वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी. पुढे महाबळेश्वरच्या रस्त्यावर गुरेघर हे गाव लागते. येथील 'मॅप्रो गार्डन'मध्ये सुट्टीच्या दिवशी उभे राहायला जागा मिळणे कठीण. स्ट्रॉबेरी आणि मलई खाण्यासाठी बहुतेक जण आलेले असतात; परंतु मुलांची गर्दी एका वेगळ्याच ठिकाणी असते. चॉकलेट तयार होताना जिथे पाहता येते, तिथे काचेला नाक लावून ती उभी असतात. पातळ, तकतकीत, तपकिरी चॉकलेट साच्यात उतरताना पाहणे हा अनुभव मोठ्यांनाही खिळवून ठेवतो.

ज्या गोंदियाहून ही गाडी निघते, तेथील जंगलात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले टपटप गळत असतात. ती वेचणाऱ्या हातांचा आणि त्या काचेपलीकडच्या चॉकलेटचा वरवर पाहता काहीच संबंध नाही. पण तो आहे. त्याकडे शेवटी वळू. त्याआधी चॉकलेटची गोष्ट समजून घ्यायला हवी.

नाशवंत फळातून उभा राहिलेला उद्योग

'मॅप्रो' हे नाव महाबळेश्वर आणि प्रॉडक्ट्स या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. १९५९ मध्ये किशोर व्होरा यांनी पाचगणीत या उद्योगाची सुरुवात केली. ते व्यवसायाने फार्मासिस्ट. महाबळेश्वरच्या थंड, लाल मातीच्या पठारावर स्ट्रॉबेरी आणि रासबेरी उत्तम येत. पण हे फळ अत्यंत नाजूक. तोडल्यापासून दोन-तीन दिवसांत विकले नाही तर ते वाया जाते. पर्यटकांचा हंगाम संपला की शेतकऱ्याला गिऱ्हाईक नसे. या उरलेल्या फळांचा जाम करून तो बाटलीत टिकवायचा, एवढ्या साध्या कल्पनेतून सुरुवात झाली. पुढे सरबते आली, गुलाबाच्या पाकळ्यांचे सिरप आले, फळांच्या गराच्या गोळ्या आल्या आणि चॉकलेटही आले.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आज देशातील स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा याच परिसरातून येतो. या यशामागे हवामान, शेतकऱ्यांचे कष्ट आणि पर्यटन ही कारणे आहेतच. शिवाय नाशवंत फळ विकत घेऊन त्याचे टिकाऊ पदार्थात रूपांतर करणारे कारखाने जवळ होते, हेही एक कारण आहे. कच्चा माल आणि कारखाना यांच्यातील अंतर जेवढे कमी, तेवढा पिकविणाऱ्याचा हात बळकट, हा धडा येथे डोळ्यांनी पाहता येतो.

मराठी घरातले 'चॉकलेट'

चॉकलेट हा शब्द मराठीत जरा सैलपणे वापरला जातो. वाढदिवसाला वर्गात वाटली जाणारी कागदात गुंडाळलेली कोणतीही गोळी म्हणजे चॉकलेट! लिमलेटची गोळी, टॉफी, दुधाची वडी या साऱ्यांना आपण एकाच नावाने हाक मारतो. त्याला इतिहास आहे. महाराष्ट्रात आधी आल्या त्या साखरेच्या गोळ्या. खरे चॉकलेट नंतर आले.

मुंबईच्या विलेपार्ले येथे १९२९ मध्ये मोहनलाल दयाळ चौहान यांनी सुरू केलेल्या पार्लेच्या कारखान्यात प्रथम गोळ्या-मिठाईच तयार होत असे. बिस्किटे सुमारे दशकभराने आली. विलेपार्ल्याच्या रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या कित्येक पिढ्यांना तो भाजक्या बिस्किटांचा वास ओळखीचा होता. २०१६ मध्ये तेथील उत्पादन थांबले आणि उपनगराची एक ओळखच पुसली गेली. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळ वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये रावळगाव येथे साखर कारखाना उभारला आणि १९४२ मध्ये तेथे साखरेच्या गोळ्यांचे उत्पादन सुरू झाले. 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' या गोळ्या ज्यांनी चघळल्या नाहीत, असा एका पिढीतील मराठी माणूस सापडणे कठीण. २०२४ च्या फेब्रुवारीत या गोळ्यांची नावे, कृती आणि बौद्धिक संपदा रिलायन्स उद्योगसमूहातील कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतली. पुण्याच्या साठे यांची बिस्किटे आणि चॉकलेटेही जुन्या पुणेकरांच्या स्मरणात आहेत.

खऱ्या अर्थाने चॉकलेटचा मोठा प्रसार केला तो कॅडबरीने. ही ब्रिटिश कंपनी १९४८ मध्ये मुंबईत आली. आरंभी आयात केलेला माल येथे बांधून विकला जाई. नंतर ठाणे आणि तळेगावजवळचे इंदुरी येथे कारखाने उभे राहिले. १९६५ पासून कंपनीने भारतात कोकोच्या लागवडीला चालना दिली. आज केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून कोको घेतला जातो. २०१४ मध्ये भारतीय कंपनीचे नाव बदलून मॉन्डेलीझ झाले. घराघरात मात्र 'कॅडबरी' हाच चॉकलेटचा प्रतिशब्द राहिला.

पेल्यातून वडीपर्यंत

चॉकलेट हजारो वर्षे प्यायले जात होते; ते खाल्ले जाऊ लागले अवघ्या पावणेदोनशे वर्षांपूर्वी. मध्य अमेरिकेतील माया आणि अॅझ्टेक लोक कोकोच्या बिया वाटून त्यात मिरची आणि सुगंधी द्रव्ये घालून फेसाळ, कडवट पेय करीत. या बियांचा चलन म्हणूनही उपयोग होई. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले. त्यात साखर मिसळली आणि ते सरदार-दरकदारांचे पेय बनले. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ मध्ये या झाडाला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थच 'देवांचे अन्न' असा आहे.

पुढची कहाणी यंत्रांची आहे. १८२८ मध्ये हॉलंडमधील व्हॅन हाउटेन यांनी बियांच्या लगद्यातील चरबी दाबून वेगळी काढण्याची रीत शोधली. या चरबीला कोको बटर म्हणतात. उरलेल्या चोथ्याची भुकटी झाली आणि पेय स्वस्त झाले. ही वेगळी काढलेली चरबी पुन्हा लगद्यात साखरेसह मिसळली तर घट्ट वडी पाडता येते, हे इंग्लंडमधील फ्राय कंपनीने १८४७ मध्ये दाखवून दिले. १८७५ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटर यांनी आटवलेल्या दुधाचा वापर करून दुधाचे चॉकलेट बनविले. १८७९ मध्ये त्याच देशातील रुडॉल्फ लिंट यांनी चॉकलेट दीर्घकाळ घोटण्याचे यंत्र तयार केले आणि तोपर्यंत दाताखाली करकरणारे चॉकलेट जिभेवर विरघळू लागले.

याच काळात बर्मिंगहॅममध्ये कॅडबरी घराणे पुढे येत होते. जॉन कॅडबरी यांनी १८२४ मध्ये तेथे दुकान थाटले. चहा, कॉफी आणि पिण्याचे चॉकलेट हा त्यांचा माल. ते ख्रिस्ती धर्मातील क्वेकर पंथाचे होते आणि या पंथाचा दारूला कडवा विरोध होता. कष्टकऱ्यांच्या घरांची दारूपायी होणारी धूळधाण पाहून, दारूला पर्याय ठरेल असे पौष्टिक पेय विकणे हे त्यांना व्यापाराइतकेच समाजकार्य वाटे. दारूला उत्तर म्हणून गोड पदार्थ ही कल्पना लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोहाच्या संदर्भात तिची पुन्हा आठवण होईल.

जॉन यांच्या मुलांनी १८७९ मध्ये शहराबाहेर मोकळ्या जागेत बोर्नव्हिल येथे नवा कारखाना आणि पुढे त्याभोवती बागांसह घरे असलेली वसाहत उभारली. या कारखान्याशेजारी १९९० मध्ये 'कॅडबरी वर्ल्ड' हे पाहुण्यांसाठीचे दालन सुरू झाले. चॉकलेटचा इतिहास, कृती आणि चव असा एकत्र अनुभव देणारे हे ठिकाण आज बर्मिंगहॅमचे मोठे आकर्षण आहे. जगातील अनेक जुन्या चॉकलेट कारखान्यांनी हीच वाट धरली. काही ठिकाणी पाहुण्यांना स्वतःच्या हाताने चॉकलेट करून पाहता येते, तर काही ठिकाणी हौशी आणि होतकरू कारागिरांसाठी वर्गही चालतात.

काचेपलीकडे काय घडते?

पाहुण्यांच्या दालनात बहुधा शेवटचे टप्पे दिसतात. त्यामागची साखळी मात्र फार लांब आहे. कोकोच्या झाडाला फळे थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात. एका फळात पांढऱ्या, आंबटगोड गराने वेढलेल्या साधारण ३० ते ४० बिया असतात. त्या गरासकट ढिगात किंवा पेटीत पाच ते सात दिवस आंबविल्या जातात. चॉकलेटच्या स्वादाचा पाया येथेच घातला जातो. आंबवण नीट झाली नाही तर पुढे कितीही महागडे यंत्र आणले तरी चव येत नाही. त्यानंतर बिया उन्हात वाळवून त्यातील ओलावा सात टक्क्यांच्या आसपास आणला जातो.

कारखान्यात आल्यावर बिया भाजल्या जातात. आपल्याकडे शेंगदाणे भाजताना जी नजर लागते, तीच येथेही लागते. कमी भाजले तर आंबटपणा राहतो, जास्त भाजले तर जळका वास येतो. भाजलेल्या बिया भरडून, पाखडून टरफले वेगळी करतात. उरलेल्या तुकड्यांत निम्म्याहून अधिक चरबी असते. त्यामुळे ते दळले की पीठ न होता, तीळ किंवा शेंगदाणे वाटल्यावर होतो तसा तेलकट, पातळ लगदा होतो.

यात साखर, दूधभुकटी आणि जादा कोको बटर मिसळून हे मिश्रण अत्यंत बारीक वाटले जाते. त्यातील कण सुमारे २० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत लहान झाले की जिभेला ते वेगळे जाणवत नाहीत. मग येते ती घोटाई. लिंट यांच्या यंत्राचे भांडे शिंपल्याच्या आकाराचे होते. शिंपल्यासाठी असलेल्या स्पॅनिश शब्दावरूनच या क्रियेला कॉन्चिंग हे नाव मिळाले. काही तासांपासून ते दोन-तीन दिवसांपर्यंत ही घोटाई चालते. तीत आंबूस वास उडून जातो आणि प्रत्येक कणावर चरबीचा पातळ थर चढतो.

यानंतरचा टप्पा सर्वांत नाजूक. त्याला टेम्परिंग म्हणतात. कोको बटर गोठताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक तयार होऊ शकतात. त्यातील एकच प्रकार आपल्याला हवा असतो. त्यानेच चॉकलेटला चकाकी येते, तोडताना 'टक्' असा आवाज होतो आणि ते सुमारे ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळते. हातात घट्ट राहणारे चॉकलेट तोंडात विरघळते, त्याचे रहस्य हेच. हा स्फटिक मिळविण्यासाठी गडद चॉकलेट प्रथम ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवून पूर्ण वितळवितात, मग हलवीत हलवीत २७-२८ अंशांपर्यंत थंड करतात आणि पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत तापवितात. दुधाच्या चॉकलेटसाठी हे आकडे एखाद-दोन अंशांनी खाली येतात. साखरेचा पाक एकतारी की दोनतारी हे जसे हलवायाच्या बोटाला कळते, तसे टेम्परिंग अनुभवी कारागिराच्या हाताला कळते.

शीतकपाटात बरेच दिवस राहिलेल्या चॉकलेटवर पांढुरका थर दिसला की आपण बुरशी समजून ते टाकून देतो. बहुतेक वेळा ती बुरशी नसते. वितळून पुन्हा गोठताना चरबी वर आलेली असते, किंवा ओलाव्यामुळे साखर वर आलेली असते. असे चॉकलेट दिसायला वाईट, पण अपायकारक नसते. कारखान्याच्या एका फेरीत ग्राहक जाणता होतो तो असा.

दार उघडण्यामागचे गणित

पाहुण्यांना आत घेणे कारखानदाराला सोपे नसते. स्वच्छता, सुरक्षितता, गर्दी आणि व्यावसायिक गुपिते या साऱ्यांचा विचार करावा लागतो. तरीही तो हे का करतो? विक्री वाढते, हे उघड उत्तर आहे. काचेपलीकडे चॉकलेट पाहिलेला माणूस दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडत नाही. मात्र याहून खोल कारण विश्वासाचे आहे.

महाराष्ट्राने याचा अनुभव २००३ मध्ये घेतला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, कॅडबरीच्या काही चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्याच्या तक्रारी मुंबईत आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. दुकानांतील साठवणूक नीट नसल्याने असे घडले, असे कंपनीचे म्हणणे होते. कारण काहीही असो, ग्राहकाचा विश्वास डळमळला आणि विक्री घसरली. कंपनीने दुकानदारांना साठवणुकीचे धडे देण्याची मोहीम हाती घेतली, २००४ च्या आरंभी अधिक घट्ट बंद होणारे वेष्टन आणले आणि अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत उभे केले. त्या जाहिरातीतही भर होता तो कारखान्यातील स्वच्छतेवर आणि नव्या वेष्टनावर. आत काय चालते हे दाखविणे, हाच अखेर विश्वासाचा आधार ठरला.

अर्थात काचेपलीकडे सर्वच दिसते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. चॉकलेटच्या साखळीतील सर्वांत कडवट भाग पाहुण्यांच्या दालनापासून हजारो किलोमीटर दूर असतो. जगातील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तेथील लहान शेतकऱ्यांचे दारिद्र्य आणि मळ्यांवरील बालमजुरी यांची चर्चा दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. २००१ मध्ये मोठ्या कंपन्यांनी बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार संपविण्याचा करार केला. परंतु ठरलेल्या मुदतीत ते उद्दिष्ट गाठता आले नाही. २०२४ मध्ये पीक घटल्याने कोकोचा जागतिक भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हाही वाढीचा पुरेसा लाभ शेतकऱ्याच्या पदरात पडला नाही. कोको पिकविणाऱ्या अनेकांनी आयुष्यात चॉकलेटची चवही घेतलेली नसते. कच्चा माल एकाचा आणि चव, नाव व नफा दुसऱ्याचा, ही चॉकलेटच्या इतिहासातील सर्वांत मोठी विसंगती आहे.

शिकणाऱ्यांसाठी

घरगुती चॉकलेटचा व्यवसाय गेल्या दोन-तीन दशकांत शहरांत बराच वाढला. दिवाळीच्या फराळाच्या डब्याशेजारी चॉकलेटचा डबा आला. अनेक गृहिणींनी आणि तरुणांनी यातून उत्पन्नाचे साधन उभे केले. या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

पहिली म्हणजे चॉकलेट आणि 'कंपाउंड' यांतील फरक. बाजारात ठोकळ्याच्या रूपात मिळणारा स्वस्त माल बहुधा कंपाउंड असतो. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. त्याला टेम्परिंगची गरज नसते, म्हणून नवशिक्याला ते सोयीचे. पण त्याची चव आणि तोंडात विरघळण्याची रीत वेगळी. कंपाउंड वापरणे गैर नाही. ते वापरून खऱ्या चॉकलेटचा भाव घेणे गैर आहे. वेष्टनावरील घटकपदार्थांची यादी वाचण्याची सवय विकणाऱ्याला हवी आणि घेणाऱ्यालाही.

दुसरी गोष्ट हवामानाची. चॉकलेटचे दोन शत्रू म्हणजे उष्णता आणि ओलावा. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या चॉकलेटमध्ये पडला तर सारे भांडे गोळा होऊन बसते. पाचगणीच्या थंड हवेत जे सहज जमते, ते विदर्भात ४५ अंशांच्या मे महिन्यात वातानुकूलित खोलीशिवाय जमणार नाही. विजेचा आणि शीतसाखळीचा खर्च हिशेबात धरल्याशिवाय नफ्याचे गणित मांडू नये. तिसरी गोष्ट कायद्याची. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार घरातून विकणाऱ्यालाही नोंदणी आवश्यक आहे. व्यवसाय वाढला की परवाना लागतो.

शिक्षणाच्या सोयीही आहेत. मुंबईत बॅरी कॅलेबो या आंतरराष्ट्रीय कंपनीची चॉकलेट अकादमी आहे. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत अन्नप्रक्रियेचे अल्पकालीन अभ्यासक्रम चालतात. विदर्भातील विद्यार्थ्याला त्याहून जवळची संस्था नागपुरात आहे. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत अन्न आणि तेल या दोन्ही विषयांतील तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. २०२३ मध्ये या संस्थेचे विद्यापीठात रूपांतर झाले. चॉकलेट हे मुळात अन्नशास्त्र आणि तेलशास्त्र यांच्या सीमेवरचे कौशल्य असल्याने ही जोडी महत्त्वाची आहे.

साल, कोकम आणि मोह

आता पुन्हा गोंदियाकडे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा भाताचा, तलावांचा आणि जंगलाचा. येथे कोको पिकत नाही. मग चॉकलेटशी नाते कसले? ते आहे चरबीचे.

कोको बटर महाग असल्याने त्याला पर्याय शोधण्याचा प्रयत्न जगभर होत आला. युरोपीय संघाने २००० मध्ये केलेल्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज सहाच वनस्पतिजन्य चरबी वापरता येतात आणि त्याही पाच टक्क्यांपर्यंतच. या सहांच्या यादीत भारतीय वाचकाला ओळखीची नावे भेटतात. साल आहे, कोकम आहे आणि आंब्याची कोयही आहे. गोंदियाच्या सीमेला लागून असलेल्या बालाघाटच्या, कान्हाच्या जंगलात सालाची दाट वने आहेत. मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशातील आदिवासी कुटुंबे पावसाळ्यापूर्वी सालाच्या बिया वेचतात. कोकम तर आपल्या कोकणचेच. भारतातही अशी चरबी वापरली असल्यास चॉकलेटच्या वेष्टनावर तसे नमूद करणे बंधनकारक आहे.

मोह या युरोपीय यादीत नाही. मात्र मोहाच्या बियांतून निघणारे, थंडीत गोठणारे पिवळसर तेल येथील आदिवासी घरांत पिढ्यान् पिढ्या वापरले जाते. मैसूरच्या केंद्रीय संस्थेतील संशोधकांनी मोह आणि कोकम यांच्या चरबीपासून उष्णतेत तग धरणारी, कोको बटरमध्ये मिसळता येईल अशी चरबी तयार करण्याचे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. उन्हाळ्यात चॉकलेट वितळते ही जी आपल्या हवामानाची अडचण, तिचे एक उत्तर विदर्भाचा मोह आणि कोकणचा कोकम यांच्या मिश्रणात असू शकते, ही गोष्ट कोणाही महाराष्ट्रीय उद्योजकाला विचारात पाडणारी आहे.

मोहाचे फूल त्याहून गोड. वाळलेल्या फुलांच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. तरीही मोह म्हटले की शहरी माणसाला दारूच आठवते. कायद्यालाही बराच काळ तीच आठवत होती. दारूबंदी कायद्याखाली मोहफुलांचा साठा आणि वाहतूक यांवर राज्यात निर्बंध होते. घरच्या झाडाखाली वेचलेली फुले वाहून नेताना आदिवासी गुन्हेगार ठरे. हंगामात मिळेल त्या भावाने ती व्यापाऱ्याला विकायची आणि पुढे गरज पडली की चढ्या भावाने विकत घ्यायची, हे चक्र त्यातून चालत राहिले. २०२१ मध्ये राज्य शासनाने हे निर्बंध उठविले. दरम्यान पूर्व विदर्भातील महिला बचत गटांनी मोहाचे लाडू, चिक्की, मनुके, सरबत असे पदार्थ करून दाखविले आहेत. प्रदर्शनात त्यांचे कौतुकही होते. पण प्रदर्शनाचा मंडप उतरला की पुढे काय, हा प्रश्न उरतो.

येथे गुरेघरची काच उपयोगी पडते. मोहाच्या लाडवाला साखर आहे, चव आहे, कथाही आहे. नाही तो शहरी ग्राहकाचा विश्वास. फुले स्वच्छ होती का, वाळवली कुठे, हा दारूचाच काही प्रकार तर नव्हे ना, अशा शंका त्याच्या मनात असतात. झाडाखाली जाळी बांधून फुले वेचली, स्वच्छ जागी वाळवली, परागकोश झाडून काढले आणि स्टीलच्या भांड्यात पाक केला, हे सारे त्याने डोळ्यांनी पाहिले तर या शंका आपोआप गळून पडतील. नवेगावबांध आणि नागझिऱ्याला दरवर्षी पर्यटक येतात. वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसून परतणाऱ्या गाडीच्या वाटेवर असे एखादे उघड्या दाराचे, काचेच्या भिंतीचे मोहघर असले तर? तेथे पाहुण्याला पहाटेची वेचणी पाहता येईल, गावातील मुलीला पाकशास्त्राबरोबर हिशेबही शिकता येईल आणि फुलांचा भाव ठरविताना गावाचा शब्द चालेल. सामूहिक वनहक्क मिळालेल्या पूर्व विदर्भातील ग्रामसभांनी तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करून दाखविली आहे. त्यामुळे ही अपेक्षा हवेतली म्हणता येणार नाही.

अडचणी आहेत. हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा आहे, फुलांत ओलावा राहिला तर माल खराब होतो, भांडवल लागते आणि चवीत सातत्य लागते. पण स्ट्रॉबेरीच्या बाबतीतही याच अडचणी होत्या. तिथे एका फार्मासिस्टने उरलेल्या फळांचा जाम करून सुरुवात केली होती. दोनशे वर्षांपूर्वी बर्मिंगहॅममध्ये एका क्वेकर दुकानदाराने दारूला पर्याय म्हणून कोकोचा पेला पुढे केला होता. मोहफुलाच्या बाबतीत तर दारू आणि लाडू हे दोन्ही पर्याय एकाच परडीत आहेत. कोणता निवडायचा हे वेचणाऱ्याला ठरविता यावे, एवढीच सोय करायची आहे.

कोको पिकविणाऱ्या आफ्रिकेतील शेतकऱ्याला चॉकलेटचा कारखाना पाहायला मिळत नाही. मोह वेचणाऱ्या देवरी-सालेकशाच्या बाईला तो आपल्याच गावात पाहता येईल, चालविताही येईल. महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदियाहून साताऱ्याकडे निघालेल्या प्रवाशाच्या पिशवीत वाटेत खाण्यासाठी मोहाची वडी असावी आणि ती कोणाच्या हातची हे त्याने स्वतः पाहिलेले असावे. त्या दिवशी उघड्या दाराचा अर्थ या जिल्ह्यालाही उमगलेला असेल.